चारशे सत्तरचं कारण

एका पानाचं काम होतं. निदान अवधूतराव चौबळांनी बायकोला तसं सांगितलं होतं, आणि बायकोला सांगितलेली गोष्ट वरिष्ठांना सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त काळ लक्षात ठेवली जाते, हे बावीस वर्षांच्या संसारानंतर तरी त्यांना कळायला हवं होतं.

"एक पान लिहायचं, रंजितामॅडमच्या टेबलावर ठेवायचं, रजेच्या अर्जावर सही घ्यायची आणि शनिवारी दुपारी केरळच्या गाडीत बसायचं," रविवारी संध्याकाळी ते म्हणाले.

नीता पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. "छान. शनिवारी मी पनवेल स्टेशनवर उभी असेन. तू आलास तर उत्तम. नाही आलास तर डोंबिवलीची ताई तयार आहे. तिने बॅगसुद्धा भरलीय."

नीता तशी प्रेमळ बाई. पण गेल्या सात वर्षांत या जोडप्याने चार सहली केल्या होत्या आणि चारही सहलींत अवधूतरावांच्या ऑफिसने तिसऱ्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकला होता. महाबळेश्वरला ते पॉइंटकडे पाठ करून फोनवर पासवर्ड सांगत होते. भाच्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांच्या तोंडून मोठ्याने "आता एंटर दाबा" असं निघालं आणि भटजी दचकले. यापुढे ऑफिसचा एक जरी फोन आला तरी मी तुझ्याबरोबर कुठेही येणार नाही, असं नीताने शांतपणे सांगितलं होतं. ती ओरडली असती तर अवधूतरावांना इतकी भीती वाटली नसती.

ऑफिस नवीन पनवेलमध्येच होतं. जमिनींची मोजणी करून नकाशे काढून देणारं. चौदा माणसं, चौदा कंप्युटर, आणि मागच्या थंडगार खोलीत एक सर्व्हर. सगळे नकाशे त्या सर्व्हरवर. कंप्युटर सुरू झाला की सर्व्हरवरचं ते कपाट जणू आपल्याच टेबलाचा खण आहे असं प्रत्येकाला दिसायचं. दूरचं कपाट असं आपल्या टेबलाला जोडून घेण्याला 'माउंट' करणं म्हणतात, आणि ते कसं जोडायचं हे सांगणारी एक ओळ प्रत्येक कंप्युटरमध्ये लिहिलेली असते. ओळीत सात शब्द. त्या सात शब्दांना 'माउंट ऑप्शन' म्हणायचं. ऑफिसात ते फक्त अवधूतरावांना कळत होते. निदान ऑफिसचा तसा समज होता, आणि अवधूतरावांनी तो कधी मोडला नव्हता.

म्हणून मॅडम म्हणाल्या, "हे सगळं लिहून द्या आणि मग जा. कागद झाला की रजा."

आणि त्यांनी एक तक्ता दिला. रंजितामॅडमना तक्त्यांची भारी हौस. ऑफिसातल्या चहाच्या कपांचासुद्धा तक्ता होता. या तक्त्याला चार रकाने होते: क्रमांक, ऑप्शन, अर्थ, कारण. तळाला टीप: कोणताही रकाना रिकामा सोडू नये.

सोमवारी सकाळी अवधूतरावांनी अर्ध्या तासात सहा ओळी भरल्या. 'हार्ड' म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं नाही तरी कंप्युटरने चिकाटी सोडायची नाही. कारण, मध्येच नाद सोडला तर नकाशा अर्धाच लिहिला जातो. 'बीजी' म्हणजे सर्व्हर सकाळी उशिरा जागा झाला तरी कंप्युटरने दारात अडून न बसता आपली कामं सुरू करायची आणि मागल्या मागे प्रयत्न करत राहायचं. लिहिताना त्यांची छाती भरून येत होती. किती गोष्टी आपल्याला माहीत आहेत, असं त्यांना वाटत होतं.

मग आला सातवा. 'टाइमओ', आणि त्याच्यापुढे आकडा चारशे सत्तर.

अर्थ सोपा होता. उत्तराची वाट किती वेळ पाहायची ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजून लिहायचं. चारशे सत्तर म्हणजे सत्तेचाळीस सेकंद. तेवढा वेळ सर्व्हर गप्प राहिला की पडद्यावर सूचना यायची: सर्व्हर उत्तर देत नाही. हे सगळं ठीक. पण सत्तेचाळीसच का? चाळीस का नाही, साठ का नाही? अवधूतराव आले तेव्हा तो आकडा तिथे होता आणि सात वर्षं त्यांनी त्याला घरातल्या जुन्या देवासारखा तसाच ठेवला होता. कोणी बसवला, कशासाठी बसवला, विचारायचं नाही.

त्यांनी कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पूर्वापार चालत आले आहे."

कागद दहा मिनिटांत परत आला. मॅडमनी लाल पेनाने विचारलं होतं, "म्हणजे?"

मंगळवारी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर अवधूतरावांनी विषय काढला, ही त्यांची चूक. नवीन पनवेलच्या सोसायटीत माणसाने आजार सांगावा, मुलीचं लग्न सांगावं, पण अडचण सांगू नये. तळमजल्यावरच्या निवृत्त गुरुजींनी मूळ आकड्याकडे लक्षच दिलं नाही. हा सगळा कागद मराठीत हवा आणि माउंट ऑप्शनला 'आरोहण-विकल्प' म्हणावं, असा आग्रह धरून ते घोड्यावरच्या आरोहणाकडे वळले. पाचव्या मजल्यावरच्या एका काकूंनी चार अधिक सात अधिक शून्य म्हणजे अकरा, म्हणजे दोन, चंद्राचा अंक, तो बदलूच नका असं बजावलं. सत्यजीत मात्र म्हणाला, "काका, एआयला विचारा ना."

सत्यजीत कुठल्याशा मोठ्या कंपनीत, घरूनच काम करणारा. दिवसभर हाफ पँटवर असतो आणि सगळं त्याला माहीत असतं. त्याने तिथल्या तिथे मोबाइलला विचारलं आणि मोबाइलने तिथल्या तिथे अकरा ओळींचं उत्तर दिलं. चारशे सत्तर हा वेग आणि स्थैर्य यांचा सुवर्णमध्य असून तज्ज्ञांनी तो आदर्श मानला आहे, वगैरे. अवधूतरावांना हायसं वाटलं. ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून काढलं.

बुधवारी सकाळी कागद परत. "कोणते तज्ज्ञ?"

"काका, मग तो आकडाच काढून टाका," सत्यजीत फोनवर म्हणाला. "सत्तेचाळीस सेकंद म्हणजे युगं झाली. पाच सेकंद ठेवा. पन्नास. कारण काय, तर अडचणीची सूचना लगेच मिळावी. संपला विषय."

आता हे वाचणाऱ्या शहाण्या माणसाला कळतं की कागदाला सोयीचं व्हावं म्हणून कोणी यंत्र बदलत नाही. अवधूतरावांनाही एरवी कळलं असतं. पण बुधवार होता, शनिवार समोर दिसत होता, आणि डोंबिवलीच्या ताईची बॅग त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चौदाही कंप्युटरांत चारशे सत्तर खोडून पन्नास घातले, कंप्युटर पुन्हा सुरू केले, तक्त्यात कारण लिहिलं आणि मॅडमना नेऊन दिलं. मॅडमनी मान डोलावली. रजेचा अर्ज सहीच्या ट्रेमध्ये गेला.

तीन वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली.

लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. प्रत्येक कंप्युटरला बॅटरी होती, सर्व्हरलाही होती, आणि इमारतीचा जनरेटर बारा सेकंदांत आपला आपण सुरू व्हायचा. अशी लाईट गेल्या सात वर्षांत शंभरदा गेली असेल आणि कोणी मानसुद्धा वर केली नसेल. आज मात्र पाचव्या सेकंदाला चौदाच्या चौदा पडद्यांवर, कोणीही जन्मात न पाहिलेली सूचना उमटली. सर्व्हर उत्तर देत नाही.

पडद्यावर काही विचित्र दिसलं की आपला माणूस काय करतो? बटण दाबून बंद करतो, दहा आकडे मोजतो आणि परत चालू करतो. या उपायाने आपल्याकडे टीव्ही, मिक्सर, वायफायचा डबा आणि गॅसचा गीझर हे सगळे बरे झालेले आहेत, तेव्हा या उपायावर लोकांची श्रद्धा आहे आणि ती अनाठायी नाही. जनरेटर सुरू व्हायला सात सेकंद बाकी होते. त्या सात सेकंदांत तेरा जणांनी बटण दाबलं. चौदावे अवधूतराव वाचले, कारण ते बाथरूममध्ये होते.

तेरा जणांपैकी बारा जणांचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते कमलाकरांचं.

कमलाकर ऑफिसातले सर्वांत ज्येष्ठ ड्राफ्ट्समन. पूर्वी हाताने शाईत नकाशे काढत आणि कंप्युटरकडे अजून भाड्याने आणलेल्या बैलासारखं बघत. कर्नाळ्याच्या बाजूच्या एका गावठाणाचा नकाशा ते तीन आठवडे काढत होते. दोनशे बारा घरं, प्रत्येकाचं अंगण, प्रत्येक भिंत कोणाची यावरून भांडणं. नेमका तो नकाशा त्या क्षणी सर्व्हरवर लिहिला जात होता. फाईल पुन्हा उघडली तेव्हा तळं होतं, देऊळ होतं, पश्चिमेची घरं होती. पूर्वेची सगळी आळी नाहीशी झाली होती.

अवधूतराव धावत सर्व्हरच्या खोलीत गेले आणि आदल्या संध्याकाळची प्रत शोधू लागले. सापडली. पूर्वेची आळी त्यात शाबूत होती. म्हणजे गेलं ते एका दिवसाचं काम.

कमलाकर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि विचारलं, "अवधूतराव, आजवर असं कधी झालं नव्हतं. काय बदललंत?"

मॅडमनी एवढंच विचारलं, "तुम्ही लिहिताय की मोडताय?" आणि रजेचा अर्ज ट्रेमधून उचलून खणात टाकला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नीताला सगळं सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी पाहिलं तर ती बॅगेतून त्यांचे शर्ट काढून एक एक करून पुन्हा कपाटात लावत होती. निळा, पांढरा, मग तो पट्ट्यापट्ट्यांचा, जो तिने या सहलीसाठी मुद्दाम आणला होता. ते बघून अवधूतरावांना खरंच वाईट वाटलं. ती भांडत नव्हती. तिने आशा सोडली होती.

"दोन दिवस आहेत अजून," ते म्हणाले.

"असू देत," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी त्यांनी चौदा कंप्युटरांत चारशे सत्तर पुन्हा बसवले आणि दुपारी रिक्षा करून विचुंब्याला गेले. काशीराम भोपी तिथे राहत होता.

अवधूतरावांच्या आधी ऑफिसातलं जे जे बिघडेल ते काशीराम बघायचा. मूळचा वायरमन. मग नळ, मग फोन, मग कंप्युटर. हा सर्व्हर, या वायरी, ती सात शब्दांची ओळ, सगळं त्याच्या हातचं. सात वर्षांपूर्वी तो सोडून गेला तेव्हा अवधूतरावांनी त्याच्याकडून कामाचा ताबा घेतला होता, तासाभरात. "अजून काय इचारायचं असंल तर इचारा," असं तो दोनदा म्हणाला होता. अवधूतरावांकडे दोन सर्टिफिकेटं होती. वायरमनला काय विचारायचं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. रिक्षात ते आठवून त्यांचे कान तापले.

काशीरामची आता स्वतःची तीन मजली बिल्डिंग होती, खाली तो आणि वर भाडेकरू. तो ओट्यावर बनियनवर बसला होता.

"चौबल सायेब! या, या. भामे, पानी आन गो!"

"काशीराम, एकच विचारायला आलोय. चारशे सत्तर."

काशीरामने खेदाने मान हलवली. "चारशे सत्तर फुटाचा गेला, सायेब. पाचशे इसचा हाय वरती, हवेशीर. पन तुमचा सोताचा फ्लॅट हाय ना?"

अवधूतरावांनी खिशातून कागद काढला आणि ती ओळ दाखवली. काशीरामने कागद लांब धरला, मग जवळ धरला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, ह्यो तर बुधाजी!"

"कोण बुधाजी?"

"तुमचा पयला वॉचमन. तुमी बगितला असंल, जाडजूड, मिशीवाला. आता बगा. कंप्युटरला बॅटरी, सर्वरला बॅटरी. पन मधी जिन्यात जी डबी हाय ना, सगल्या वायरी जोडनारी, तिला बॅटरी नाय. लाईट गेली का तिचा जीव जातो. मंग बुधाजी गेटवरशी उठनार, चपला घालनार, मागं जानार, जनरेटर चालू करनार. मी मोबाइलवर टाइम लावला. पयल्यांदा झाले बावन. मी बोल्लो, बुधाजी, जरा पाय उचला. मंग सत्तेचालीस. त्याच्या खाली काय येईना. गुडघ्याचा तरास होता त्याला."

"आणि तेवढा वेळ..."

"तेवढा टाइम कंप्युटरनी तोंड उघडायचा नाय. कारन पडद्यावर काय आला का तुमची मानसा बटन दाबतात. मला म्हाईत होता ना!"

दोन सर्टिफिकेटांत कुठेही जे लिहिलेलं नव्हतं ते या माणसाने मोबाइलचं घड्याळ लावून आणि आपल्या माणसांचा स्वभाव ओळखून ठरवलं होतं.

"अरे, मग हे कुठे लिहून का नाही ठेवलंस?"

"कुनी इचारलाच नाय," काशीराम साधेपणाने म्हणाला.

"माझं चुकलं," अवधूतराव म्हणाले. "मी विचारायला हवं होतं." हे म्हणायला त्यांना वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

काशीरामच्या बायकोने, भामाने, त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. गुरुवार आहे, मासळी चालणार नाही, म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला, आणि मग पंधरा मिनिटांत तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं पुढे ठेवलं. अवधूतराव तीन भाकऱ्या जेवले. सोमवारपासून त्यांना पहिल्यांदा भूक लागली होती.

शुक्रवारी सकाळी तक्त्याच्या सातव्या ओळीत, कारणाच्या रकान्यात, त्यांनी लिहिलं: "वॉचमन बुधाजी यांना गेटपासून जनरेटरपर्यंत चालत जाण्यास लागणारा वेळ. (गुडघेदुखी धरून.)"

मॅडमनी ते दोनदा वाचलं. अवधूतराव उभे होते.

"बुधाजी तर सात वर्षांपूर्वीच गावी गेला," मॅडम म्हणाल्या. "जनरेटर आता आपोआप सुरू होतो. बारा सेकंदांत. मग चारशे सत्तर कशाला हवेत? दीडशे करा."

खरं होतं. अवधूतरावांनी परवाच्या सात सेकंदांचा विचार केला.

"मॅडम, जनरेटरला बारा पुरतात," ते म्हणाले. "पण एखाद्या दिवशी तो विसाव्या सेकंदाला सुरू झाला आणि ती सूचना आली, तर आपले लोक काय करतील ते आपण बघितलंय. सत्तेचाळीस राहू देत. थांबण्यात कोणाचं काही जात नाही."

मॅडम कधी नव्हे त्या हसल्या. "हेसुद्धा लिहा," त्या म्हणाल्या. मग तक्ता एका पानावरून चार पानांवर गेला. जिन्यातली डबी आली, जनरेटर आला, रोजची प्रत कुठे सापडते ते आलं. शेवटी मॅडमनी नवी अट घातली. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाने कागद वाचून, अवधूतरावांना एक शब्द न विचारता, एक कंप्युटर सर्व्हरला जोडून दाखवायचा.

सगळ्यांनी कमलाकरांकडे पाहिलं.

कमलाकरांनी ओळींखाली पट्टी धरून चारही पानं वाचली. अवधूतराव भिंतीशी उभे, तोंड मिटून, हात पाठीमागे. पट्टी तिसऱ्या पानावर थांबली. बराच वेळ थांबली. अवधूतरावांच्या जिभेवर शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. मग कमलाकरांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ती सात शब्दांची ओळ लिहिली आणि कंप्युटर सुरू केला. सर्व्हरवरचं कपाट पडद्यावर उघडलं. आत गावठाणाचा नकाशा होता, पूर्वेच्या आळीसकट.

कमलाकरांनी पट्टी खाली ठेवली. पेन काढून चौथ्या पानाच्या तळाला आपल्या देखण्या अक्षरात लिहिलं, "पडद्यावर काहीही दिसले तरी कोणीही बटणास हात लावू नये." खाली सही केली. मग मॅडमनी कागदावर सही केली, आणि खणातून अर्ज काढून त्यावरही केली. अवधूतरावांनी तो अर्ज घरी जाईपर्यंत रिक्षात तीनदा उघडून बघितला.

शनिवारी दुपारी ते नीताच्या आधी स्टेशनवर पोचले होते. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट.

गाडी सुटली. नीता खिडकीशी बसली. फोन अवधूतरावांच्या वरच्या खिशात होता आणि दोघंही त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे दोघंही बघत होते. पेण गेलं. रोहा गेलं. फोन गप्प. नीताने डब्यातून लाडू काढून दिला. माणगाव गेलं. फोन गप्प. अवधूतरावांनी त्याला रेंज आहे का ते तपासलं. भरपूर होती.

अखेर हात धुवायचं निमित्त करून ते दाराकडे गेले आणि त्यांनीच ऑफिसला फोन लावला.

"कमलाकर, सगळं ठीक ना?"

"लाईट गेली होती अडीचला," कमलाकर म्हणाले.

अवधूतरावांनी दांडा घट्ट धरला. "मग?"

"मग आली."

"पडद्यावर काही? कोणी बटण?"

"काही नाही. सगळे काम करत होते. मी गावठाण पुरं केलं आज."

"मॅडमनी माझी चौकशी केली का?"

कमलाकर कुणाला दुखवणाऱ्यातले नव्हते. "नाही हो," ते हळूच म्हणाले. "कशाला करतील? तुमचा कागद आहे ना. ठेवू का फोन? चहा आलाय."

अवधूतराव दारात उभे राहिले. सात वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि इतकं मोकळं वाटत होतं की त्यांना गाडीतल्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्याच्याच शेजारी, अगदी बारीकसं, काहीतरी खुपतही होतं. मागे वळले तर नीता उभी होती.

"आलाच ना फोन?" तिने विचारलं.

"नाही. मी केला."

"का?"

"कोणी करत नाही म्हणून."

नीता हसायला लागली, ती इतकी की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. अवधूतरावांनी थोडा वेळ तोंड फुगवून पाहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी फोन बंद करून तिच्या हातात दिला आणि वरच्या बर्थवर चढून झोपले. रत्नागिरी आली, गेली, त्यांना पत्ता नव्हता.